निवृत्तीचं वय सगळ्यांना एकच कसं?

संपादक महोदय,
निवृत्तीचं वय वाढवायचं म्हटलं की सगळे सरासरी आयुर्मानाचा आकडा पुढे करतात, पण म्हातारपण सगळ्यांना सारखं येत नाही हो. ब्रिटनमध्ये १९६७ला सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल स्टडी सुरू झाला, त्यात सगळ्यात खालच्या ग्रेडचे पुरुष हृदयविकाराने वरच्या साहेबांपेक्षा साधारण तिप्पट प्रमाणात दगावत होते, आणि सिगारेट, बीपी वगैरे हिशेबात धरूनही फरक काही पूर्ण मिटला नाही. १९८५पासूनच्या दुसऱ्या स्टडीत बायकाही घेतल्या (उशिरा का होईना!), तेव्हा कामात स्वतःचं काही चालतं की नाही हेही महत्त्वाचं निघालं. आणि खालची ग्रेड बहुतेक कोणाच्या वाट्याला येते, तर ज्याचं शिक्षण लवकर सुटलं त्याच्या. वय वाढवणाऱ्या कमिट्यांमध्ये मात्र बसतात खुर्चीवालेच.
- एक वाचक