उशीखालचं पुस्तक

प्रिय मनू,

तुझं पुस्तक तुझ्या टेबलावर ठेवलं आहे. खूणचिठ्ठी होती त्याच पानावर आहे. गेल्या महिन्यात मी ते तुझ्या उशीखालून ओढून काढलं, मधलंच एक पान उघडलं, शाळेच्या बसमध्ये एक मुलगा शेजारच्या मुलीचा हात हातात घेतो एवढं वाचलं आणि तुला नाही नाही ते बोलले. तू रडत म्हणालीस, "मी दोनदा वाचलंय ते. तू एक पान तरी धड वाचलंस का?" मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं.

म्हणून रेनबो रॉवेलची 'एलिनॉर अँड पार्क' पहिल्या पानापासून वाचली. १९८६ सालातली दोन मुलं, बसमध्ये नाइलाजानं एका बाकावर बसणारी. आधी बोलतही नाहीत. तो कॉमिक वाचतो, ती चोरून त्याच्या पानात बघते, आणि ते लक्षात आल्यावर तो पान उलटायला थोडा थांबायला लागतो. किती छोटी गोष्ट आहे ही! समोरच्याचं वाचून होईपर्यंत थांबणं. तो हात हातात घेण्याचा प्रसंग त्यानंतर येतो, आणि मी नेमका तेवढाच वाचला होता.

पण मला खरी बोच लागली ती दुसरीकडे. एलिनॉरच्या घरात बाथरूमला दार नाही. पाच भावंडं एका खोलीत झोपतात. ती आपल्या वस्तू एका खोक्यात जपून ठेवते, आणि शेवटी तो खोका सावत्र बापाच्या हाती लागतो. ते पान वाचताना मला तुझी उशी आठवली. मी तो माणूस नाही हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. तरी तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या अंथरुणात हात घालायला नको होता. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. पुन्हा असं होणार नाही.

त्यानंतर तुझ्या कपाटातली बाकीची पुस्तकंही वाचली, या वेळी तुला विचारून. वाचनालयातून जुनीही आणली. ही 'यंग अॅडल्ट' म्हणतात ती, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांसाठीची, कादंबरी आत्ताची आहे असा माझा समज होता. 'द आउटसायडर्स' १९६७ ची आहे. एस. ई. हिंटननं ती लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, म्हणजे तुझ्याच वयाची! तिच्या आजूबाजूची मुलं जशी होती तशी कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हती, म्हणून तिनं स्वतःच लिहिली.

ज्यूडी ब्लूमच्या 'फॉरेव्हर'ची हकीकत तर मला पाठ झाली आहे. तिच्या मुलीनं वाचलेल्या गोष्टींत शरीरसंबंध ठेवणाऱ्या मुलीला हमखास शिक्षा व्हायची, कधी मरणसुद्धा. मुलगी आईला म्हणाली, दोन चांगली मुलं प्रेमात पडतात, जवळ येतात आणि कुणालाही मरावं लागत नाही, अशी गोष्ट लिही ना. आईनं लिहिली. १९७५ साली ती छापून आली आणि पुढे कितीतरी शाळांनी आपल्या वाचनालयातून काढून टाकली. कॅथरिन आणि मायकल कायम एकमेकांचे राहणार असतात. मग उन्हाळ्यात कॅथरिनला दुसरा कुणी आवडायला लागतो आणि ते प्रेम संपतं. मरत कुणी नाही. दुखतं खूप. नावात 'कायमचं' आणि आत न टिकलेलं प्रेम, तरी त्या प्रेमाला लेखिका खोटं म्हणत नाही. हे मला फार आवडलं. त्या मुलीनं आईकडे गोष्ट मागितली होती, आणि तुला मात्र पुस्तक लपवावं लागलं, हे आठवून मी बराच वेळ बसून राहिले.

एक गोष्ट मला आई म्हणून नव्हे, वाचणारी म्हणून सांगायची आहे. यातली बरीच पुस्तकं 'मी' म्हणून लिहिलेली असतात, आणि पुष्कळदा चालू वर्तमानकाळात. 'मी दार उघडते. तो समोर उभा आहे.' सांगणाऱ्या मुलीला पुढच्या पानावर काय होणार हे ठाऊक नसतं, मागे वळून बघणारं शहाणपण तिच्याजवळ नसतं. त्यामुळे तिचं धडधडणं थेट तुझ्या छातीत येतं. हीच त्या लिखाणाची ताकद आहे, आणि सावध राहायचं तेही इथेच. तिला जे प्रेम वाटतं ते त्या घटकेला तुलाही प्रेमच वाटतं. 'ट्वायलाइट'मध्ये एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिच्या नकळत येऊन तिला झोपलेली बघत राहतो. बेलाला ते कळतं तेव्हा ती सुखावते, कारण गोष्ट तिच्या डोळ्यांनी चालली आहे. पुस्तक मिटून तोच प्रसंग तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडला असं धरून बघ. मला तरी अंगावर काटा आला. ते पुस्तक वाचू नकोस असं मी म्हणत नाही. पानाला थांबणारा पार्क आणि न विचारता खोलीत येणारा एडवर्ड, दोघांनाही प्रेमात पडलेलेच म्हणतात. फरक मात्र तुला दिसायला हवा.

लॉरी हाल्स अँडरसनची 'स्पीक' (१९९९) मला एका बैठकीत संपवता आली नाही. पार्टीत मेलिंडावर बलात्कार होतो, ती पोलिसांना फोन करते, आणि तिनं पार्टी उधळली म्हणून सगळी शाळा तिच्यावर उलटते. काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. ती हळूहळू बोलणंच सोडते. घरात आईवडील असतात. तिचे मार्क घसरलेले त्यांना दिसतात, त्यावरून ते रागावतात. ती बोलत नाही याचाही त्यांना रागच येतो. त्यामागे काय आहे तिथवर मात्र ते पोहोचत नाहीत. चित्रकलेचे सर तिला वर्षभर एकच झाड काढायला लावतात, आणि त्या झाडातून तिला हळूहळू आवाज सापडतो.

या कादंबऱ्यांत आईवडील असे अर्धवट का असतात, याचा मी खूप विचार केला. एक कारण रचनेचं आहे: मोठी माणसं सगळं निस्तरायला लागली तर मुलांना स्वतःहून काही ठरवावंच लागणार नाही. पण दुसरं कारणही असणार. लिहिणाऱ्यांना स्वतःचं पंधरावं वर्ष आठवत असणार.

मनू, मेलिंडाला जे सांगता आलं नाही तसलं काही कधी तुझ्या वाट्याला आलं, तर मला सांग. आधी मी रागावेन ही भीती वाटली तरी सांग. त्या वेळी मी मार्कांचं बोलणार नाही. आणि एरवी कुणी आवडत असेल, तर ते मला सांगायलाच हवं असं नाही. ते तुझं आहे.

आता एक विचारायचं राहिलं. एलिनॉर शेवटी पार्कला पोस्टकार्ड पाठवते. त्यावर तीनच शब्द असतात आणि लेखिका ते सांगत नाही. मी तीन रात्री त्यावर विचार करते आहे. सगळ्यांना सुचतात तेच ते तीन शब्द असतील असं मला वाटत नाही. तू दोनदा वाचलं आहेस, तुझं काय म्हणणं आहे? आज रात्री मी जागी आहे.

तुझी,
आई