सही कोणाची, अधिकार कोणाचा?

महोदय,

गेल्या महिन्यात एका नियामक संस्थेची नोटीस घरी आली. (नाव मुद्दाम देत नाही.) खाली 'करिता' असा शिक्का आणि त्यावर गिचमिड सही, नाव नाही, हुद्दा नाही. काउंटरवर विचारले तर उत्तर मिळाले, "साहेबांनी तोंडी सांगितलंय."

तोंडी कसे चालेल? कर्मचाऱ्यांनी अधिकार वापरूच नयेत असे माझे म्हणणे नाही. सगळे कागद अध्यक्षच हाताळू लागले तर गणेश चतुर्थीची फाइल शिमग्याला निघेल. पण कायदा लेखी आदेश मागतो. वीज कायदा, 2003 च्या कलम 97 नुसार वीज नियामक आयोग सचिवाला किंवा अधिकाऱ्याला अधिकार सोपवू शकतो, मात्र लेखी आदेशानेच. तंट्यांचा निवाडा करण्याचा आणि विनियम करण्याचा अधिकार तर सोपवताच येत नाही. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 81 मध्येही लेखी आदेशाचीच अट आहे. त्याच कलमाखाली रेरा प्राधिकरणाच्या एकट्या सदस्याकडे तक्रारींची सुनावणी सोपवणे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये वैध ठरवले.

मग माझ्या नोटिशीमागचा आदेश कुठे आहे? माहिती अधिकारात त्याची प्रत मागितली आहे. 30 दिवस मोजतोय.

— एक वाचक, म्हापसा