बाबांची दुपारची गोळी

प्रिय दिग्या,

सगळे बरे आहेत, आईचं बीपी ताब्यात आहे. पण काल दुपारी जेवून उठताना बाबा खुर्चीतच अडकले रे. जत्रेच्या नाटकात पहाटेपर्यंत औरंगजेब उभा करणारा माणूस, पाऊल उचलेना. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? (आणि त्या रात्री तलवार तू विसरला होतास, मी नाही, आता तरी कबूल कर.)

आईला वाटलं आजार वाढला. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, आधी गोळीची वेळ सांगा. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन कमी पडतं, मग डोपामिनच द्या ना, तर ते रक्तातून मेंदूत जातच नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून फारसं काही झिरपत नाही. एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला, मग १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, गोल्डमनने, रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला तर मेंदू रंगला आणि अंग कोरं! मला तर हे वाचून झोपच येईना.

म्हणून लेव्होडोपा देतात. ते अमिनो आम्ल, त्याला आत नेणारं वाहक प्रथिन त्या पेशींवर असतं, आत गेलं की त्याचं डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा बाहेरच राहतं आणि तेच हवंय, नाहीतर लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन होऊन जातं. पण मासळी पचून होणारी कितीतरी अमिनो आम्लं त्याच वाहकावर चढतात. दिवाडीची फेरीबोट भरली की आपण धक्क्यावर राहतो ना, तसं. आणि बाबा गोळी घेतात ती बांगड्याच्या हुमणासोबत!

तर आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि मासे रात्री. मासळी तोडायची नाही, आधीच वजन उतरलंय. पण बाबा म्हणतात दुपारी हुमण नाही तर ते जेवण कसलं, त्यापेक्षा दोन गोळ्या घेतो. न विचारता खरंच घेतील याचीच मला भीती वाटते रे, मी दिवसभर फोंड्याला असतो.

तुझ्या पुण्याच्या ट्रान्सफरचं काय झालं? वहिनींना नमस्कार, छोटीचे फोटो पाठव.

बाबा तुझं ऐकतात. रविवारी सकाळी फोन कर, गोळी लागू झाली की त्यांचा आवाज मोकळा असतो.

तुझा,
मंग्या