कोंडा म्हशीला, पांढरा तांदूळ आम्हाला

महोदय,

खानापूर तालुक्यात मळण्या आटपत आल्या आहेत. परवा दोन पोती इंद्रायणी भात घेऊन गिरणीवर गेलो. ‘एकदाच काढा, पॉलिश नको’ म्हणालो, तर ‘असला मळकट तांदूळ खातंय कोण?’ म्हणत त्यांनी नेहमीसारखाच शुभ्र करून दिला. मुठीत दाबला की गोळा होणारा तेलकट कोंडा म्हशीच्या आंबोणात गेला.

त्या कोंड्याची किंमत ख्रिस्तियान आइकमन या डच लष्करी डॉक्टरामुळे जगाला कळली. १८८६ मध्ये ते जावा बेटावर गेले ते बेरीबेरीचे जंतू शोधायला. या रोगात हातापायांतली शक्ती जाते, हृदयही थकते. जंतू सापडेनात, पण प्रयोगाच्या कोंबड्याच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. आइकमननी कोंबड्यांच्या खाण्याची चौकशी केली. मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला पॉलिशच्या तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो द्यायचे नाकारले आणि कोंबड्यांना पुन्हा बिनपॉलिशचा तांदूळ मिळू लागला. एवढ्यावरून धागा पकडणारा माणूस मला फार मोठा वाटतो. पुढे तिथले आरोग्य निरीक्षक फोर्डरमन यांनी जावातले १०१ तुरुंग तपासले. पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ मागे एकाला बेरीबेरी होती, बिनपॉलिशच्या तुरुंगांत १०,००० मागे एकाला.

आइकमनना आधी वाटले, तांदळात विष आणि कोंड्यात उतारा आहे. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ख्राइन्स यांनी दुरुस्ती केली: विष नाही, सडताना काहीतरी निघून जाते. ते म्हणजे ब१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये आइकमनना नोबेल मिळाले.

आमची आई उखळात लागेल तेवढेच भात सडायची, कारण कोंड्यातल्या तेलामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो. पेजेला उकडा तांदूळ असे. भात उकडताना ब१ दाण्यात मुरते, मग सडले तरी बरेचसे टिकते. अलीकडच्या वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ घातलेले दाणे मिसळले गेले, ते चांगलेच झाले. पण घरच्या भातातले आहे तेवढे तरी आपण का घालवावे?

बेळगाव, खानापूरच्या गिरणीमालकांना विनंती, आठवड्यातून एक सकाळ बिनपॉलिशच्या तांदळासाठी राखून ठेवा. कमी भात घेतले म्हणून परत पाठवू नका. दहा-पंधरा किलोच दर महिन्याला काढून नेणे सोयीचे पडते. माझ्या कणगीत अजून सहा पोती शिल्लक आहेत.

– एक शेतकरी वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव