वाचनालयातल्या सर्व्हरबद्दल, केबलवाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

समोर आभार मानले की तुम्ही "राहू द्या ना ताई, काय एवढं" म्हणत गाडीला किक मारता. फोनवर तर हॅलोच्या पुढे जाऊच देत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांना दिसेल असं लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. आसपासच्या गावांतली वाचनालयं, अभ्यासिका चालवणारी मंडळी मला विचारतात, "तुमच्या इथले पोट्टे एकाच खेळात मिळून कसे खेळतात? काय मशीन घेतली?" मशीन घेतलीच नाही. जे घडलं ते त्यांनाही कळावं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पोट्टे वाचनालयात येतात ते पुस्तकांसाठी थोडे आणि कूलरसाठी जास्त, हे मी जाणून आहे. हातात घरातल्या कुणाचा तरी फोन, आणि जो तो आपल्या स्क्रीनमध्ये एकटाच ठोकळे रचत बसलेला. त्यांना एकाच जगात रचायचं होतं. तुम्ही आमचं फायबर जोडायला आला होता. शिडीवरून उतरायच्या आत त्यांनी तुम्हाला घेरलं.

तुम्ही लुआंटी नावाचा ठोकळे रचायचा खेळ सुचवला. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. पैसे नाहीत, खातं काढायला ईमेल नाही, अँड्रॉइडवर चालतो आणि जुन्या डेस्कटॉपवरही. ज्या पोट्ट्यांचा फोन संध्याकाळी बाबांकडे परत जातो, त्यांच्यासाठी 'खातं नाही' ही फार मोठी गोष्ट. महागडा, गाजलेला खेळ बरा की हा, यावर त्यांची अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर वाचनालयात हाच शोभतो.

'सर्व्हर' म्हटल्यावर आमचे अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. त्यांना कोटेशन दिसायला लागलं. तुम्ही कोपऱ्यातल्या कॅटलॉगच्या संगणकाकडे बोट दाखवलंत. ४ जीबी रॅम, लिनक्स, माउसचं एक बटण अडकतं. म्हणालात, "हाच तुमचा सर्व्हर. जग याच्यात राहीन, फोन फक्त पाहायला येतीन." एवढ्या एका वाक्यात आम्हाला अर्धं कळलं. कुणी कुठला ठोकळा ठेवला, कोण कुठे उभं आहे, रात्र झाली की नाही, हे सगळं तो एक प्रोग्रॅम ठरवतो आणि बाकीच्यांना कळवतो. खेळाचे मॉड (म्हणजे खेळात भर घालणारे छोटे प्रोग्रॅम), चित्रं, आवाज सगळं सर्व्हरवरच टाकायचं. फोन पहिल्यांदा जोडला की तो ते सर्व्हरकडून उतरवून घेतो. म्हणूनच पहिल्यांदा आत जायला वेळ लागतो. तेवढा वेळ पोट्ट्यांना धीर धरायला लावणं हे सगळ्यात अवघड काम होतं.

आणि मग तुम्ही खुर्चीवर बसलाच नाहीत. खरे आभार मला याचेच मानायचे आहेत. सगळं करून देणं तुम्हाला चहा थंड व्हायच्या आत जमलं असतं. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "मी करून देतो ताई, पण मी गेल्यावर कोन करीन?" मग आठवीतल्या पोरीला कीबोर्डसमोर बसवलंत आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहिलात. तिने खेळाच्या मेनूतून सर्व्हर सुरू केला, तेव्हा तुम्ही तो बंद करायला लावलात. तसा सुरू केलेला सर्व्हर खेळाची खिडकी बंद केली की बंद पडतो, आणि कॅटलॉगचं काम करायचं म्हटलं की ती खिडकी बंद होणारच. त्यापेक्षा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'लुआंटी', पुढे दोन डॅश आणि 'सर्व्हर' असं लिहून एकटा सर्व्हर चालवायचा. त्याला चित्रं काढावी लागत नाहीत, त्यामुळे जुन्या मशीनवर ओझंही कमी.

फोन जोडले जाईनात तेव्हाही तुमचा एकच प्रश्न, "लॉगमध्ये काय लिहिलं आहे?" लॉग म्हणजे सर्व्हर जे घडेल ते लिहून ठेवतो ती फाइल. डीबग नावाच्या त्या फाइलमध्ये कुणाच्याच येण्याची नोंद नव्हती. "म्हणजे फोन इथपर्यंत पोचलेच नाहीत. मग सर्व्हरले काऊन शिव्या देता?" संगणकाच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, ३०००० हा पोर्ट (क्रमांकाचं दार) उघडायचा होता, तोही यूडीपी प्रकारचा. टीसीपी हा दुसरा प्रकार उघडून भागत नाही. तो उघडला आणि काही फोन आत आले. उरलेले आले नाहीत, कारण ते राउटरच्या गेस्ट वायफायवर होते. त्यावरची उपकरणं इंटरनेटवर जातात, पण घरातल्या इतर उपकरणांशी त्यांना बोलू दिलं जात नाही. हे तुम्ही सांगितलं नाहीत. दोन फोन शेजारी ठेवून "यांच्यात फरक काय, शोधा" म्हणालात, आणि पोट्ट्यांनी शोधलं. शेवटी राउटरमध्ये संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता कायमचा राखून ठेवायला लावलात, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलतो आणि सगळे जुन्याच पत्त्यावर जाऊन परत येतात.

इथवर इंटरनेट लागतच नाही, हे अजूनही लोकांना पटत नाही. खेळ एकदा उतरवून घेतला की पुढे फायबर तुटलं तरी वाचनालयाच्या वायफायवर खेळ सुरूच.

खरी डोकेदुखी पुढे होती. शिकायला अमरावतीला आणि पुण्याला गेलेल्या दादा-तायांनाही आत यायचं होतं. पोट्ट्यांनी व्हिडिओ पाहून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेल्याला सर्व्हरकडे पाठव असं राउटरला सांगितलं, अगदी बरोबर केलं, आणि तरी बाहेरून कुणी येईना. राउटर बदलायचा असं ठरतच आलं होतं. तुम्ही राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, वाचायला लावलात. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला निघाला. "राउटर बिघडला नाही जी. हा पत्ता तुमचा एकट्याचा नाही."

वीस बिऱ्हाडांच्या वाड्याला दारावर एकच पाटी असली आणि चिठ्ठीवर फक्त वाड्याचं नाव असलं, तर पोस्टमनने ती कुणाला द्यायची? आमचं तेच झालं होतं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगभरात मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठा २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. मग नेट पुरवणारे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवायला लागले, आणि २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. आतून बाहेर जाताना अडचण नाही, कारण परतीच्या उत्तराची नोंद ठेवलेली असते. बाहेरून आपणहून आलेल्याला मात्र कुणाकडे पाठवायचं हे कळत नाही. पोट्ट्यांनी आमच्या राउटरमध्ये केलेलं फॉरवर्डिंग म्हणजे वाड्यातल्या आपल्या खोलीचं दार उघडं ठेवणं. वाड्याचा मुख्य दरवाजा दुसऱ्याच्या हातात.

इथे तुम्ही स्टॅटिक आयपीची, म्हणजे आमच्या एकट्याच्या कायमच्या पत्त्याची, पावती फाडू शकला असता. तुमच्याच धंद्यातली वस्तू. पण म्हणालात, "पाच-सहा पोट्ट्यांसाठी महिन्याचा खर्च कायले?" आणि टेलस्केल लावायला शिकवलंत. दूरदूरची उपकरणं एकाच खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं हे ॲप. संगणकावर एक आणि बाहेरगावच्या प्रत्येक उपकरणावर एक. दोन्ही बाजू आतून बाहेर निघतात आणि मधे भेटतात, त्यामुळे फॉरवर्डिंगची गरजच उरत नाही. गंमत म्हणजे टेलस्केलही त्याच १०० च्या पट्ट्यातले पत्ते देतं, म्हणून पोरी थोडा वेळ पुन्हा गोंधळल्या. यासाठी खातं मात्र लागतं. पण ते दूरच्या मोठ्यांनाच, वाचनालयात बसलेल्यांना नाही.

सार्वजनिक यादीत सर्व्हरचं नाव टाकू नका, रिकामा पासवर्ड चालू देऊ नका, हे तुम्ही बजावलंत तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. पुढे एकाने दुसऱ्याचं घर पायापासून खणून काढलं आणि वाचनालयात खरीखुरी मारामारी व्हायची वेळ आली. मग 'इंटरॅक्ट' नावाची परवानगी काढून घेता येते हे कामी आलं. ज्याची परवानगी जाते तो जगात फिरू शकतो, पण काही खणू किंवा रचू शकत नाही. आता ही शिक्षा कुणाला, किती दिवस, हे पोट्टेच बसून ठरवतात. ग्रामसभेपेक्षा बरी चालते त्यांची बैठक.

लाइटीचं तर विचारूच नका. वाऱ्याचं निमित्त झालं की गेलीच. इन्व्हर्टर मिणमिणायच्या आत कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर नीट बंद करायचा, आणि बंद असतानाच जगाच्या फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायची. चालू सर्व्हरची नक्कल अर्धवट निघू शकते. या नकलांच्या नोंदींची वही आठवीतली तीच पोर सांभाळते, तारीख-वारासकट.

पोट्ट्यांनी त्या जगात एसटी थांबा केला आहे, जिनिंगचं शेड केलं आहे, आणि गावच्या वेशीपासून वाचनालयापर्यंत खांब रोवून तार ओढली आहे. शेवटच्या खांबाला शिडी लावलेली आहे. ती कुणाची म्हणून विचारलं तर सगळे हसतात.

दिवाळीत पुण्याची मंडळी येतील तेव्हा तुम्हीही या. या खेपेला खुर्चीवर बसायचं, आणि मागे हाताची घडी घालून आम्ही उभे राहू.

तुमची,
वाचनालयवाली ताई

ता. क. : तुमचं क्रिम्पिंगचं, म्हणजे केबलच्या टोकाला पिन बसवायचं, पक्कड आमच्याच कपाटात राहिलं आहे. भाऊ येईपर्यंत हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं. अभ्यासिकेच्या खोलीत आता लॅन केबल पोचली आहे, यावरून काय ते समजा.