फिलिबस्टर गेला, अडवणूक राहिलीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे अमेरिकन सिनेटवर स्फुट आलं होतं, त्यात फिलिबस्टर म्हणजे तासन्‌तास भाषण ठोकून सभागृह वेठीला धरणं असं दिलंय. ते जुनं झालं हो. १९५७ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थरमंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले हे खरं, पण आता एवढा घसा कोण कोरडा करतंय? शंभरातल्या ४१ जणांनी चर्चा थांबवायला नकार दिला की ६० चा आकडा जमत नाही आणि विधेयक बसलं तिथेच. राष्ट्राध्यक्षाने केलेल्या नेमणुकाही, ज्यांना सिनेटची मंजुरी लागते, अशाच अडतात असं तुम्ही पुढे लिहिलंय, तर नेमणुकांवरचा हा ६० चा नियम कधीच गेला, तरी नेमणुका अडतातच, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

नियम होता तेव्हा काय चालायचं ते बघा. पीटर डायमंड, एमआयटीचे प्राध्यापक, ओबामांनी २०१० मध्ये फेडरल रिझर्व्हच्या (म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या) बोर्डासाठी त्यांचं नाव दिलं. विरोधक म्हणाले, यांना अनुभव कमी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माणसाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी अनुभव कमीच! शेवटी जून २०११ मध्ये वैतागून त्यांनीच नाव मागे घेतलं.

मग २१ नोव्हेंबर २०१३ ला सिनेटमधले बहुमतवाल्या डेमोक्रॅट्सचे नेते हॅरी रीड यांनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी सुप्रीम कोर्ट सोडून बाकी सगळ्या नेमणुकांना साधं बहुमत पुरे असं करून टाकलं. रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल तेव्हाच म्हणाले होते की पस्तावाल, आणि वाटतंय त्याच्या आधीच पस्तावाल. २०१७ मध्ये त्यांनीच ट्रम्प यांनी सुचवलेल्या न्यायमूर्ती गोर्सच यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचंही कुंपण काढलं, शेरास सव्वाशेर. त्यानंतर गोर्सच ५४, कॅव्हनॉ ५०, बॅरेट ५२, जॅक्सन ५३, एकालाही ६० मतं नाहीत, आणि ही सगळी तहहयात पदं. (क्लॅरन्स थॉमस १९९१ मध्ये ५२ मतांवरच गेले, नियम हाताशी असून कुणी वापरला नाही, हेही सांगायला हवं.)

मग आता अडतं कुठे? तर घड्याळात. एका सिनेटरने जरी हरकत घेतली तरी प्रत्येक नावासाठी चर्चा थांबवायचा प्रस्ताव, मध्ये एक दिवस, मग मतदान, मग पुन्हा चर्चेचे तास (आधी ३०, २०१९ पासून खालच्या पदांना आणि जिल्हा न्यायाधीशांना २), मग परत मतदान. आणि सिनेटची मंजुरी लागणारी पदं हजाराच्या वर, करा हिशोब.

रिपब्लिकन सिनेटर टॉमी टबरव्हिल यांनी २०२३ मध्ये हेच केलं. राग पेंटागॉनच्या गर्भपातासाठीच्या प्रवासखर्चाच्या धोरणावर, अडवली लष्करी अधिकाऱ्यांची बढती, वड्याचं तेल वांग्यावर. एकट्या माणसाने चारशेवर नावं महिनोन्‌महिने लटकवली, मरीन कोअरला शंभरेक वर्षांत पहिल्यांदाच मंजुरी मिळालेला कमांडंट (दलाचा प्रमुख) नव्हता. १ नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग मी बघितलंय. त्यांच्याच पक्षाचे डॅन सलिव्हन, जोनी अर्न्स्ट एकेका अधिकाऱ्याचं नाव वाचतात, त्याची सगळी नोकरी सांगतात, मंजुरी द्या म्हणतात, आणि टबरव्हिल उठून तेवढंच, हरकत आहे. पुढचं नाव. हरकत आहे. असं तासन्‌तास, ६१ नावं. डिसेंबरात त्यांनी माघार घेतल्यावर जवळपास सगळी एका दिवसात पास! म्हणजे अधिकाऱ्यांमध्ये खोट नव्हतीच ना.

२०२५ मध्ये डेमोक्रॅट्सनी ट्रम्पच्या जवळजवळ प्रत्येक नावाला घड्याळ लावलं, तर रिपब्लिकनांनी सप्टेंबरमध्ये नियमच बदलला की न्यायाधीश आणि कॅबिनेट सोडून बाकी नावं गठ्ठ्याने घ्यायची. ४८ जणांचा एक गठ्ठा, ऑक्टोबरात १०७ जणांचा. ही काय सुधारणा झाली का? एकशे सात माणसांना एकच हो किंवा नाही, त्यात एखादा नालायक असेल तर तोही चांगल्यांच्या मागे लपून आत.

माझ्या मते सगळं उलटं झालंय. राष्ट्राध्यक्षाची स्वतःची टीम चार वर्षांची, ती साध्या बहुमताने आणि ठरलेल्या मुदतीत, समजा ९० दिवसांत, मतदानाला आलीच पाहिजे, एका सिनेटरची हरकत त्यापुढे चालणार नाही. पण नाव एकेक घ्यायचं. आणि न्यायाधीश जन्मभराचे, तिथे ६० परत आणा, म्हणजे दुसऱ्या पक्षातल्या काही लोकांना तरी पटेल असं नाव शोधावं लागेल. त्यांनाही सुनावणीची मुदत हवीच, कारण २०१६ मध्ये ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवलेल्या मेरिक गारलंड यांना ६० ने नाही अडवलं, बहुमतवाल्यांनी सुनावणीच घेतली नाही.

आता हे करणार कोण, कारण ज्याच्या हातात बहुमत त्याला आज गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे मतं नाहीत. म्हणून नियम आत्ता करा आणि लागू करा २० जानेवारी २०२९ पासून. त्या दिवशी शपथ कोण घेणार आणि सिनेट कुणाची असणार ते आज दोन्ही पक्षांना माहीत नाही.

आपला,
एक नियमित वाचक