रविवारची जोगेश्वरी लेणीभेट : सभासदांसाठी सूचना

रविवारी सकाळी ७ वाजता मुंबईतल्या जोगेश्वरी लेण्याच्या पूर्वेकडच्या दाराशी जमायचं आहे. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं आजही नांदतं देऊळ आहे. आसपासची माणसं रोज इथल्या जोगेश्वरी देवीच्या दर्शनाला येतात. फोटोसाठी त्यांची वाट अडवू नका. दर्शन तुम्हीही जरूर घ्या, पण खांबांना, शिल्पांना तेल-कुंकू लावू नका, भिंतीलगत कापूर जाळू नका. इथला दगड मऊ, त्यात पाणी झिरपतं. कितीतरी मूर्ती आता ओळखूही येत नाहीत. हात लावून बघायचा मोह कृपया आवरा. जपण्यासाठी लेणं कुलूपबंद करावं असं कुणी म्हणेल, पण ते मला मुळीच पटत नाही. लोकांचा राबता आहे म्हणूनच त्याची कुणाला तरी काळजी आहे. मुलांना नक्की आणा. चपला मात्र बाहेरच काढायच्या.

– चिटणीस